ताकदीची सुई

ऋषितुल्य हा शब्द मला वापरता येणार नाही. बीडच्या डॉक्टर मंडळींनी स्मरणिका काढायची ठरवलीय आणि तिच्यात आमच्या सरांवर दोन पानं मी लिहावीत, असा निरोप आलाय. निरोप आणणाऱ्यानं शब्दही बरोबर दिले: ऋषितुल्य, सेवाव्रती, गोरगरिबांचा आधार. हे शब्द सुचवणाऱ्यांपैकी एकानंही सरांच्या दवाखान्याची पायरी कधी चढलेली नव्हती. चढला असता तर अपमान होऊन उतरला असता.

मी त्यांच्या हाताखाली दोनेक वर्षं काढली. तो माणूस मला आवडत नव्हता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. पुढचं मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. स्मरणिकेत ते चालणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांना दोन पानं वेगळी लिहून देईन, त्यात ऋषितुल्य घालीन. हे मात्र हे असं.

गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या रस्त्याला लागून. मी नुकती आयुर्वेदाची डिग्री घेऊन आलो होतो. स्वतःचा दवाखाना टाकण्याआधी कुणाच्या तरी हाताखाली राहावं म्हणून वडिलांनी मला सरांकडे नेलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वडिलांना म्हणाले, "ठेवतो. कॉलेजात जे शिकवलं ते विसरायला एक वर्ष लागेल. बुद्धी असेल तर." त्या दिवसापासून मी 'वैद्यबुवा' झालो. पेशंटसमोर, एसटीत, सगळीकडे. "वैद्यबुवा, जरा हात धुवा, काढा नंतर उकळा." पेशंट हसायचे. सर हसत नसत, आणि तेच जास्त झोंबायचं.

दवाखान्याच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, वेळ नव्हती. दोनच ओळी होत्या: 'इथे खरं सांगितलं जाईल. सुई मागितल्यास अपमान होईल.'

आणि व्हायचा. आमच्याकडे माणूस दवाखान्यात जातो तो सुई घ्यायला. ताप असो, कंबर असो, सासूशी भांडण असो, दंडात सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. एसटी स्टँडवर एक डॉक्टर होते, ते माणूस ओट्यावर चढायच्या आत सिरिंज भरायचे. त्यांचा दवाखाना सिनेमा थेटरसारखा चालायचा. आमचे सर मात्र म्हणायचे, "सुई कपड्याला. माणूस फाटलेला नसतो." एकदा एक शेतकरी फारच मागे लागला, "डॉक्टर, एक सुई द्या, लई अंग दुखतंय." सरांनी टेबलाच्या खणातून खरीखुरी शिवणाची सुई काढली, दोरा ओवून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "शर्टाचं बटण तुटलंय तुझं. लाव, आणि जा." तो गेला तो थेट स्टँडवर. त्याचं अख्खं घराणं पुन्हा आमच्याकडे फिरकलं नाही. याला काही लोक आता तत्त्वनिष्ठा म्हणतात. मी तिथे होतो. ती मस्ती होती.

दसऱ्यापासून होळीपर्यंत त्यांच्या डोक्यावर माकडटोपी असायची. स्टेथास्कोपच्या नळ्या ते त्या टोपीतून आत खुपसायचे, त्यामुळे पेशंटला वाटायचं डॉक्टरचं डोकंच तपासायला लावलंय. चहाचा ग्लास स्वतःचा, खिशात. लग्नात पंगतीला कुणी शिंकलं की भरलं ताट सोडून उठायचे. आणि खोकल्याचे पेशंट ते आत घेत नसत. बाहेर कडुलिंबाखाली बसवायचे, तेही पाठीला पाठ लावून. "एकमेकांच्या तोंडात कशाला खोकता? तिकडं तोंड करून खोका, तिकडं कुणी नाही." नवरा-बायको आले तरी पाठीला पाठ. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, अख्खं गाव एकमेकांशी भांडून बसलंय. लोक आमच्या दवाखान्याला 'भांडणाचा दवाखाना' म्हणायचे. "कुठं निगालास बे?" "जातो भांडणाच्या दवाखान्यात, खोकला हाय."

सरांची बायको पोरांच्या क्लाससाठी बीडला राहायची. ही सोय कुणाची होती, ते मी सांगायला नको.

तर असा माणूस. पेशंट कमी, तोंड जास्त. आणि ह्या माणसाला एका हिवाळ्यानं लस लावली. म्हणजे लसीचं वेड लावलं.

आमच्या भागातला हिवाळा कसा असतो, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. दिवाळी झाली की हातपाय धड असलेला प्रत्येक माणूस ऊस तोडायला जातो. बैल, बायको, लेकरं, सगळं घेऊन. गावात उरतात ती म्हातारी माणसं, दुकानदार, मास्तर आणि शेळ्या. त्या वर्षी मार्गशीर्षात तापखोकल्याची साथ आली. तरण्याताठ्याला चार दिवस आडवं करते ती साथ. म्हाताऱ्याच्या छातीत उतरते. गेली काही माणसं. त्यांत धनगरवाड्यातला शिदबाबा गेला.

शिदबाबाला उचलायला गावात माणसं नव्हती. मुलगा सांगलीकडे तोडीला. कारखान्याच्या गेटवर एसटीडीवरून निरोप ठेवला, तो त्याच्यापर्यंत कधी पोचला देव जाणे. शेवटी खांद्याला कोण? सर, मी, शाळेचे मास्तर आणि समोरच्या किराणा दुकानाचे बसवंतअप्पा. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी धनगराच्या मढ्याला खांदा द्यावा ही वेळ कधी आलेली नव्हती. पण दुसरं होतंच कोण? अप्पा उंच, सर बुटके. तिरडी एका अंगाला कलंडलेली. आणि सर माकडटोपी घालून पुढून सूचना देत होते, "मास्तर, पाय जुळवा. वैद्यबुवा, तोंड फिरवून खोका. शिदबाबाला आता काही होणार नाही, आम्हाला होईल."

मुलगा तिसऱ्या दिवशी आला. राख सावडायला मिळाली एवढंच. तो येऊन सरांच्या पाया पडला. सर म्हणाले, "तू गेलतास म्हणून तो मेला नाही. पण तू असतास तर मला उचलावं लागलं नसतं." तो पोरगा उभाच राहिला. मला त्या क्षणी सरांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. मी मुस्काटात देणाऱ्यांतला नाही. मी मनात ठेवणाऱ्यांतला.

त्याच उन्हाळ्यात बीडला एका हॉटेलात डॉक्टरांचा मेळावा झाला. विषय होता, खेड्यापाड्यातल्या जनरल प्रॅक्टिशनरला आधार. आधार म्हणजे काय, तर एसी हॉल, परदेशी कंपनीचा सूटवाला माणूस, पडद्यावर चित्रं आणि शेवटी जेवण. त्या वर्षांत असे सूटवाले फार यायला लागले होते. त्या माणसानं सांगितलं की बाहेरच्या देशांत हिवाळ्याआधी म्हाताऱ्या माणसांना फ्लूची लस देतात, दर वर्षी, आणि आता ती आपल्याकडेही मिळणार. सगळे डॉक्टर जेवणाकडे बघत होते. सर उभे राहिले.

"ही थंड ठेवावी लागते?"

"येस डॉक्टर. फ्रिजमध्ये."

"आमच्याकडे वीज दिवसातून निम्मा वेळ नसते. माझा फ्रिज व्होल्टेजनं जळला. तुम्ही आधार देताय म्हणालात. बर्फाची एक पेटी द्या."

हॉलमध्ये हशा पिकला. सूटवालाही हसला. जाताना सगळ्यांना कंपनीची एकेक बॅग मिळाली, आत पेन, घड्याळ आणि कागदाचा पॅड. सरांनी बॅग उलटी करून टेबलावर रिकामी केली, आत हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ नाही." मी दुसरीकडे बघत राहिलो. ह्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे शरमेनं मान खाली.

दसऱ्यानंतर त्यांनी बीडच्या होलसेलवाल्याकडून लसीची खोकी मागवली. स्वतःच्या खिशातून. थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीनं मी ती आणली. आणि ठेवली कुठे? अप्पांच्या दुकानात. गावात धड फ्रिज दोनच. एक स्टँडवरच्या डॉक्टरांचा, तिथे सर मेले असते तरी गेले नसते. दुसरा अप्पांचा, थंड पेयाच्या कंपनीनं फुकट दिलेला, लाल, काचेच्या दाराचा. अप्पा रोज त्याला उदबत्ती लावायचे. वीज गेली की सर बर्फ आणून आत रचायचे आणि दुकानासमोर खुर्ची टाकून पहारा करायचे. कुणी बाटली घ्यायला दार उघडलं की ओरडायचे, "लाव! लाव ते दार! हवा खायला उघडलंस का बे?"

अप्पा कुरकुरायचे. "डॉक्टर, तुमच्या खोक्यापायी माज्या बाटल्या भाईर बसल्यात. गरम कोण पितंय?"

"पिऊ नयेच. दात किडतात."

आता खोकी आली, पण माणूस येईना. लोकांना सर कळत नव्हते, यात लोकांची चूक नव्हती. आजारी असताना सुई मागितली तर हा माणूस अपमान करतो, आणि धडधाकट माणसाच्या मागे सुई घेऊन लागतो. पारावर ही रोजची गंमत झाली. "आवं, ताप आल्याव ह्यो सुई देत न्हाई. आन् आमी बरं हाय तर म्हनतोय, दंड कर पुढं. डोकं फिरलंय त्याचं." त्यात सरांचा खरेपणा. कुणी चुकून विचारलंच, तर ते सगळं सांगायचे. ही लस घेतली तरी खोकला होऊ शकतो. हिच्यानं एखाद दिवस अंग दुखेल. हिचा असर एकाच हिवाळ्यापुरता. माणूस ऐकून घ्यायचा, "बरं, बघतो" म्हणायचा आणि शेळ्या घेऊन पुढे जायचा.

हे इथवर ठीक होतं. पण एका शनिवारी अप्पांनी तागडीत साखर टाकता टाकता सहज विचारलं, "डॉक्टर, ह्याच्यात असतंय तरी काय?"

जगातल्या कुठल्याही डॉक्टरानं "औषध" म्हटलं असतं.

सर म्हणाले, "ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात."

अप्पांचा हात थांबला. "कशात?"

"अंड्यात. कोंबडीच्या."

"माज्या फ्रिजात अंडी ठिवली तुमी?"

"अंडी नाहीत. अंड्यात वाढवलेली लस आहे. फरक आहे."

"फरक तुमच्या घरी!" अप्पांचा आवाज चढला. एक हात गळ्यातल्या लिंगावर गेला. "उभ्या जल्मात ह्या घरात अंडं आलं न्हाई. आन् मी त्याला रोज उदबत्ती लावतोय! कावून सांगितलं न्हाई मला?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आज विचारलंत, आज सांगितलं."

दुकानाच्या मागेच अप्पांचं घर. मधे नुसता पडदा. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता तो थांबला, हे मला आठवतं. तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

अप्पा रागीट, पण माणूस सभ्य. थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या रविवार, बाजार हाय, गिऱ्हाइकापुढं तमाशा नको. सोमवारी माज्या पूजेच्या आत ही खोकी भाईर. न्हाईतर मी गटारीत टाकीन."

दवाखान्यात आल्यावर सर खुर्चीत बसले आणि टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी हिवाळ्यात पहिल्यांदा बघत होतो. डोकं लहान होतं. खोकी परत घेणार नाही, हे होलसेलवाल्यानं आधीच सांगितलं होतं. सोमवारनंतर ती ठेवायला जागा नव्हती. आणि बाजार झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार होत्या. मागे उरणार होती ती म्हातारी माणसं.

मी म्हणालो, "सर, ताकदीची सुई म्हणा. रांग लागेल."

त्यांनी टोपीची घडी घातली. मग मी म्हणालो, "तुम्हाला नको वाटत असेल तर मी बोलतो. तुम्ही फक्त टोचा."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून विसरता आलेलं नाही. म्हणाले, "नको. माझ्या दवाखान्यात खोटं बोलायचं तर मी बोलीन. तुम्ही सफाईनं बोलाल. तशी सफाई मला इथे नको."

रविवारी बाजारात फक्त एवढं पसरलं की डॉक्टर सुई देणार, ताकदीची, आणि म्हाताऱ्यांनाच. मग काय विचारता. तोडीला निघालेली पोरं आईबापाला गाडीवर घालून, खांद्यावर उचलून घेऊन आली. आपण येईस्तोवर म्हातारा टिकला पाहिजे. पोरं स्वतःलाही मागत होती. "डॉक्टर, आमाला बी द्या की, आमी तोडायला चाललो, ताकद आमाला पायजे." सर म्हणाले, "तुम्ही जाताय. ही राहणाऱ्यांना." प्रत्येकाला सर एकच वाक्य म्हणत होते, "ताकदीची आहे," जमिनीकडे बघत, शाळेत पाठ विसरलेल्या मुलासारखं. मी मात्र मनातून खूश होतो. हा माणूसही अखेर आमच्यातलाच निघाला. स्टँडवरच्या डॉक्टरात आणि ह्यांच्यात काय फरक राहिला?

दुपार कलताना रांगेत गौरामाय दिसली.

गौरामाय म्हणजे अप्पांची आई. ठेंगणी, ताठ, कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी. ती रस्ता ओलांडून एकटी आली होती. अप्पा बाजाराच्या गिऱ्हाइकात अडकलेले. तिनं पदर सारून दंड पुढे केला आणि म्हणाली, "कशाची रं ही?"

सरांच्या हातात भरलेली सिरिंज होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता हा माणूस खरं सांगणार, म्हातारी ओरडणार, रांग मोडणार, असं मला वाटलं. सरांनी मान आणखी खाली घातली आणि म्हणाले, "ताकदीची हाय, माय."

'हाय' म्हणाले. ते कधी असं बोलत नसत.

त्यांनी सुई टोचली. म्हातारीनं पदर ओढला आणि रस्ता ओलांडून गेली.

त्या हिवाळ्यात गावातून कुणाला उचलावं लागलं नाही. लस होती की नशीब, मी सांगू शकत नाही. सरांना मी विचारलं, तर म्हणाले, "एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही." श्रेय घ्यायलाही त्यांना जमत नव्हतं. पण गावानं ते सिद्ध करून टाकलं. टोळ्या परत आल्या, म्हातारी जिवंत सापडली आणि ताकदीच्या सुईचा डंका झाला. तरणी पोरं, बाळंतिणी, पैलवान, सगळे दारात. सर सगळ्यांना ओरडून सांगायचे, "ती ताकदीची नव्हती! मी खोटं बोललो!" लोक एकमेकांना डोळा मारायचे. "बघा कसा नाटकं करतोय. आपल्या मर्जीतल्या मानसाला देतोय, आन् आमाला म्हनतोय नव्हतीच." खोटं बोलले तेव्हा विश्वास ठेवला, खरं बोलले तेव्हा ठेवला नाही. गावाची अक्कल ती एवढीच. पण ती तशी आहे हे ओळखूनच मी तो सल्ला दिला होता.

त्यानंतर सरांनी चुन्याचा डबा घेतला आणि पाटीवरची पहिली ओळ पुसून टाकली. 'सुई मागितल्यास अपमान होईल' एवढंच उरलं. पांढऱ्या पट्ट्याखाली.

अप्पांच्या दुकानात ते परत गेले नाहीत. साखर, चहापत्ती वडगावहून आणायचे. गौरामाय ओट्यावर दिसली की रस्त्याच्या कडेनं, मान घालून. ती आजारी पडली तर मला पाठवायचे. एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी मला वैद्यबुवा न म्हणता विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? तिला सांगावं का? सांगितलं तर ह्या वयात तिला पाप लागल्यासारखं वाटेल. नाही सांगितलं तर मला."

मी म्हणालो, "राहू द्या सर. तिला काय कळतंय."

मग मी माझा दवाखाना टाकला. कुठे? समोर. अप्पांच्या शेजारच्या गाळ्यात. आणि काय द्यायला लागलो? ताकदीची सुई. लाल रंगाची, व्हिटॅमिनची, वासावरून लोकांना खात्री पटायची. सरांचे उरलेसुरले पेशंट रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. सर लिंबाखाली बसायचे, पाठीला पाठ लावून बसवायला कुणी नसायचं. मी माझ्या खुर्चीतून बघायचो. मला ते दृश्य आवडायचं. लिहिताना हात अडखळतो, पण आवडायचं हे खरं.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला गौरामाय न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बीडच्या डॉक्टरनं वयाकडे बघून ऑपरेशन नको म्हटलं. ती खाटेवरच. मी रोज बघायला जायचो, दोन पावलांवर तर घर. एक दिवस ती म्हणाली, "तुजा तो म्हातारा डॉक्टर माज्याकडं येत न्हाई. कावून?"

मी म्हणालो, "कामात असतात."

"काम कसलं? माश्या मारीत बसतोय, मला खिडकीतून दिसतंय की." मग हसली. "ती अंड्याची सुई दिली मला, म्हनून लाजतोय व्हय?"

मी हातातली बीपीची पट्टी खाली ठेवली. "माय, तुम्हाला माहीत होतं?"

"माज्याच घरात तर कालवा झाला! पडद्याआड मी भांडी घाशीत होते. भैरी हाय का मी?"

"मग घेतली कशी?"

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "शिदबाला न्यायला मानूस न्हवतं. माज्या पोरानं खांदा दिला. दोन दिस शेकीत होते मी त्याचा खांदा. म्हनलं, माज्यापायी पुना नको. पर अंडं म्हनल्याव मन व्हईना. मग आले रांगेत, बघावं म्हनलं त्यो काय म्हनतोय. अन् त्यो म्हनला ताकदीची. लेकरा, त्याचा हात असा लटलट कापत व्हता, मला वाटलं सुई पडती आता. त्यो मानूस कदी कुनाशी खोटं बोलला न्हाई. तोंडावर वंगाळ बोलल, पर खोटं न्हाई. म्हनलं, ह्याला खोटं बोलायची पाळी आली, म्हंजी जिवावरचंच असनार. दिला दंड पुढं. माजं पाप मी माज्या महादेवाला सांगीन, त्यानं कावून वझं व्हायचं?" मग माझा हात धरून म्हणाली, "मला उठता येत न्हाई. तू सांग त्याला. म्हनावं, मायला ठावं व्हतं."

"सांगतो," मी म्हणालो.

रस्ता ओलांडायचा होता. एवढंच. मी दवाखान्याच्या दारात उभा राहून लिंबाखाली बघितलं. ते बसले होते, हात गुडघ्यांवर. हे वाक्य ऐकलं असतं तर ते उठले असते. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानात साखर घ्यायला गेले असते, गौरामायच्या खाटेशी बसून तिच्या हाडाबद्दल काहीतरी भयंकर बोलले असते, पाटीवरची ओळ पुन्हा रंगवली असती आणि मला मोठ्यानं हाक मारली असती, "वैद्यबुवा!" मला ती हाक नको होती. मान खाली घातलेला तो माणूस मला सोयीचा होता. उद्या सांगू, म्हटलं. उद्या म्हणजे केव्हा, हे मी ठरवलंच नाही. रोज दार उघडायचो, रोज दिसायचे.

श्रावणात ते खुर्चीतच गेले. हृदय. पावसाळ्यात सगळं गाव गावातच होतं. एवढी गर्दी की खांदा द्यायला ढकलाढकली. ज्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती ते सगळ्यात पुढे. कुणी तरी 'देवमाणूस' म्हणून ओरडलं. मीही खांदा दिला. शिदबाबाच्या वेळेपेक्षा हलके लागले, माणसं जास्त होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी गौरामायकडे गेलो. तिला ताप होता. मी खाटेच्या कडेला बसून तिचं मनगट हातात घेतलं. ती म्हणाली, "गेला व्हय रं?"

"हो माय."

"सांगितलं व्हतंस नव्हं त्याला? माजं?"

"सांगितलं होतं."

"मग? काय म्हनला?"

मी एक क्षणही घेतला नाही. सरांच्याच आवाजात, त्यांच्याच तऱ्हेनं म्हणालो, "म्हणाले, म्हातारीला अक्कल नाही. ठाऊक होतं तर रांगेत पुढं यायचं, मागं कशाला उभी राहिली."

गौरामाय खुदकन हसली. दात नसलेलं तोंड उघडून, खोकला येईपर्यंत हसली. "आस्संच म्हनला असंल मुडदा," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मनगट माझ्या हातात तसंच ठेवून ती बराच वेळ माझ्या हाताकडे लक्ष दिल्यासारखी पडून राहिली.

माझा हात कापत नव्हता.